तारण, खंडणी आणि रोजची भाकर

धर्माबादच्या बाजारपेठेतून चालत गेले की सराफांच्या आणि पतसंस्थांच्या पाट्यांवर एक शब्द हमखास दिसतो: तारण. सोने तारण, माल तारण, घर तारण. बायकोच्या गळ्यातले काढून ठेवायचे, खताबियाण्याला पैसे उचलायचे आणि कापूस विकला की सोडवून आणायचे, एवढा त्या शब्दाचा संसार. मराठी ख्रिस्ती उपासनेत बसलात तर हाच शब्द अर्ध्या तासात दहा वेळा कानी पडेल. तिथे येशू ‘तारणारा’ आहे, माणसाला ‘तारण’ मिळते, ‘तारणाचा मार्ग’ सांगितला जातो. नव्याने ऐकणारा माणूस गोंधळतो. कोणी काय गहाण ठेवले, आणि कोणाकडे?

तो गोंधळ फुकट जात नाही. तारणे म्हणजे पार नेणे, बुडू न देणे. तारू म्हणजे नाव. गोदावरीकाठच्या माणसाला हा अर्थ समजावून द्यावा लागत नाही. पण गहाणवटीचा अर्थही अगदीच परका नाही. इंग्रजीत तारणासाठी जो ‘रिडेम्प्शन’ शब्द वापरतात, तो लॅटिनमधल्या ‘परत विकत घेणे’ या क्रियापदापासून आला आहे. नव्या करारातला मूळ ग्रीक शब्द गुलामाला किंवा कैद्याला मोल भरून सोडवण्याचा आहे. म्हणजे ख्रिस्ती धर्मशास्त्रातली ही सगळ्यात मोठी कल्पना मुळात बाजारातच जन्मली. पुढे ती मठांत आणि विद्यापीठांत गेली, जड झाली, आणि आज धर्मोपदेशकाच्या तोंडून ऐकताना ती कधी बाजारात हिंडत होती हे कोणाच्या ध्यानात येत नाही.

रोजच्या भाषेत धर्म सांगायचा म्हणजे तो सोपा करून, पातळ करून सांगायचा, अशी एक समजूत आहे. मला ती चुकीची वाटते. रोजचा शब्द सोपा नसतो. त्याला घर असते, वापर असतो, इतर अर्थांची सोयरीक असते. तो उचलला की ते सगळे गणगोत बरोबर येते. ‘प्रायश्चित्त’ किंवा ‘देहधारण’ म्हणून मोकळे होणे त्या मानाने सोपे. ‘तारण’ म्हटले की मग ते समजावून द्यावे लागते.

हे मुधोळला बसून लिहायला एक कारण आहे. हे मुधोळ म्हणजे शिकारी कुत्र्यांमुळे नाव झालेले कर्नाटकातले मुधोळ नव्हे. हे बासरजवळचे, भैंशाशेजारचे मुधोळ. निजामाच्या राज्यात हा तालुका नांदेड जिल्ह्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार राज्ये झाली तेव्हा किनवट आणि राजुरा आदिलाबादेतून मराठी मुलखाकडे आले आणि मुधोळ उलट दिशेने आदिलाबाद जिल्ह्यात, आंध्र प्रदेशात गेले. २०१४ साली राज्याचे नाव तेलंगण झाले आणि २०१६ च्या ऑक्टोबरात जिल्ह्याचे नाव निर्मळ. लोकांच्या तोंडी जुना आदिलाबाद जिल्हा अजून आहेच. घरात मराठी, कचेरीत तेलुगू, आणि शेतीच्या कागदात ‘पहाणी’ आणि ‘पट्टा’ अशी निजामी उर्दूची उरलेली खूण. सीमेपलीकडचे लोक सातबारा म्हणतात, इकडचे पहाणी. अशा गावात एकच गोष्ट तीन शब्दांत कशी दिसते हे रोजच कळत असते, आणि ख्रिस्ती धर्माचे शब्द तपासायला याहून बरी जागा मला ठाऊक नाही.

येशूने शिष्यांना शिकवलेली प्रार्थना घ्या. तिच्यात एक साधे मागणे आहे, आजच्या दिवसाचे खाणे मिळावे. उर्दूत ती मागणी ‘रोटी’ची आहे. तेलुगूत ‘अनुदिनाहारमु’, म्हणजे रोजचा आहार. भात खाणाऱ्या मुलखाने पाव आणि रोटी दोन्ही बाजूला ठेवून सर्वसमावेशक शब्द घेतला. मराठीत मात्र थेट ‘भाकर’ आहे. ज्या कोणी प्रथम तो शब्द लिहिला त्याने मराठी माणसाचे ताट पाहिले होते. योहानाच्या शुभवर्तमानात येशू स्वतःला जीवनाची भाकर म्हणवतो तेव्हा मराठी वाचकाला आठवतो तो चुलीवरचा तवा, पाण्याचा हात, थापताना येणारा आवाज. पॅलेस्टाइनमध्ये ज्वारी नव्हती, गहू आणि जव होते, त्यामुळे शब्दशः हे भाषांतर चुकीचे म्हणता येईल. अर्थाने ते अचूक आहे. तिथला पाव हे सणाचे खाणे नव्हते, ते गरिबाचे रोजचे पोट भरणे होते. इथे ते काम भाकरीचे.

क्रुसाचे उदाहरण याहून वेगळ्या वाटेने जाते. गोव्या-वसईच्या कॅथलिकांचा ‘क्रूस’ पोर्तुगिजांबरोबर जहाजातून उतरला. तेलुगूतला ‘सिलुवा’ सिरियाक भाषेतून, केरळच्या प्राचीन ख्रिस्ती परंपरेच्या वाटेने दक्षिणेत पसरला. उर्दूतला ‘सलीब’ अरबीतला. सिरियाक आणि अरबी या एकाच कुळातल्या भाषा, त्यामुळे सिलुवा आणि सलीब ही सख्खी भावंडे निघतात. मराठी प्रॉटेस्टंटांनी यांपैकी एकही न घेता ‘वधस्तंभ’ हा शब्द घडवला. तो संस्कृत आहे, जड आहे, पण प्रामाणिक आहे. क्रूस म्हटले की गळ्यातला दागिना किंवा चर्चच्या शिखरावरची खूण डोळ्यांपुढे येते. वधस्तंभ म्हटले की हे माणसे मारायचे साधन होते, रोमन सत्ता बंडखोरांना आणि गुलामांना भर रस्त्यावर त्यावर टांगत असे, हे विसरता येत नाही. जुन्या मराठीत त्याला सर्वांत जवळचा शब्द ‘सूळ’. सुळावरची पोळी हा आपला वाक्प्रचार त्याच भीतीतून आलेला. देव सुळावर गेला असे म्हणणे पहिल्या शतकातल्या माणसाला किती विचित्र वाटले असेल, हे ‘वधस्तंभ’ शब्दाने थोडे तरी जाणवते.

हे शब्द आपोआप ठरले नाहीत. त्यांच्यामागे चारशे वर्षांचा विचार आहे, आणि तो विचार करणाऱ्या माणसांचे आपसांत पटणारे नव्हते.

पहिला मोठा प्रयत्न एका इंग्रजाचा. थॉमस स्टीफन्स हा जेझुइट पाद्री १५७९ साली गोव्यात आला आणि साष्टी भागात चाळीस वर्षे राहिला. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांची जुनी पुराणे हिरावून घेतली गेली होती; ती वाचायला, ऐकायला बंदी होती. पोथी ऐकण्याची सवय मात्र कोणाच्या हुकमाने जात नाही. स्टीफन्सने तिच्यासाठी मराठी ओवीत ‘क्रिस्तपुराण’ लिहिले, सुमारे अकरा हजार ओव्यांचे, जगाच्या उत्पत्तीपासून ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणापर्यंत. १६१६ साली ते रोमन लिपीत छापले गेले. त्याने स्वर्गाला वैकुंठ म्हटले. विष्णूचे घर उचलून बायबलच्या देवाला दिले असा त्यावर आक्षेप घेता येतो, आणि तो खोटा नाही. पण ऐकणाऱ्या बाईच्या मनात ‘परम सुखाची जागा’ यासाठी दुसरा शब्दच नव्हता. जिथे शब्द मिळत नव्हता तिथे स्टीफन्सने पोर्तुगीज-लॅटिन शब्द तसेच ठेवले. ओवी वैष्णवांची, चाल पुराणिकाची, मधूनच एखादा परदेशी शब्द: ही भाषा गोव्यात पिढ्यान्‌पिढ्या म्हटली गेली. १६८४ साली पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषेच्या वापरावर बंदीचा हुकूम काढला. तरीही क्रिस्तपुराणाच्या हस्तलिखित प्रती होत राहिल्या, आणि १९०७ साली मंगळूरला जोसेफ साल्डान्हा यांनी ते पुन्हा छापले.

मराठी बायबलची छापील वाट बंगालमधून सुरू झाली. श्रीरामपूरला विल्यम केरी यांनी पंडित वैजनाथ यांच्या मदतीने भाषांतर केले आणि १८११ साली नवा करार मोडी लिपीत छापून निघाला. दोन वर्षांनी मुंबईत अमेरिकन मिशनरी आले, १८४२ साली ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक सुरू झाले, आणि भाषांतरावर भाषांतरे होत गेली. त्या सगळ्या तपशिलात इथे शिरत नाही. त्या काळातल्या बहुतेक मिशनरी मराठीला संस्कृत पंडितांचा वास आहे, आणि तो वास सर्वांत आधी जिला खटकला ती स्वतःच संस्कृतची पंडिता होती.

पंडिता रमाबाई. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांच्याबरोबर लहानपणी देवळादेवळांतून पुराणे सांगत त्या दक्षिण भारतभर फिरल्या. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना ‘सरस्वती’ ही पदवी दिली. मुधोळच्या माणसाला ही पदवी लगेच भिडते, कारण बासरची ज्ञानसरस्वती इथून जवळच आहे आणि आजही गावोगावची मुले तिच्यापुढे पहिले अक्षर गिरवतात. १८८३ साली इंग्लंडमध्ये रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातून वाचवलेल्या, टाकलेल्या, विधवा मुलींमध्ये राहताना त्यांना दिसले की चालू बायबल या मुलींना समजत नाही. तेव्हा उतारवयात त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून घेतले आणि सबंध बायबल स्वतः साध्या मराठीत उतरवायला घेतले. खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंतची कामे मिशनमधल्या बायकांनी केली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई वारल्या. ग्रंथ १९२४ साली बाहेर आला.

त्यांचा हट्ट दुहेरी होता. शब्द कमी शिकलेल्या बाईला कळला पाहिजे, आणि त्याला पुराणांतला किंवा वेदान्तातला दुसरा अर्थ चिकटलेला नसला पाहिजे. स्टीफन्सच्या नेमकी उलट दिशा. त्याने भरलेला शब्द मुद्दाम घेतला, यांनी तो मुद्दाम टाळला. स्टीफन्स परका होता, त्याला वैकुंठाचे वजन बाहेरून दिसत होते. रमाबाईंनी ते वजन लहानपणापासून पाठीवर वाहिले होते. त्यांची कठोरता मला पटतेच असे नाही, कारण ज्याला दुसरा अर्थ नाही असा जिवंत शब्द मराठीत क्वचितच सापडतो. पण एवढे संस्कृत येत असताना ते बाजूला ठेवून केडगावच्या मुलींच्या तोंडची भाषा निवडणे, यासारखा विद्वत्तेचा दुसरा वापर मी पाहिलेला नाही.

तिसरी वाट नारायण वामन टिळकांची. १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेला हा कोकणस्थ ब्राह्मण कवी तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे मानत असे. त्यांनी शब्द गाळत बसण्यापेक्षा चाल पकडली. अभंग लिहिले, भजने लिहिली, टाळ-मृदंगाला चर्चच्या आत जागा मिळवून दिली. आजही मराठी मंडळ्यांमध्ये ‘उपासना संगीत’ उघडले की टिळकांची गाणी येतातच. शेवटी १९१७ साली साताऱ्याला त्यांनी ‘देवाचा दरबार’ काढला, आणि त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघेही येऊ शकत होते.

टिळकांनी सुरू केलेले ‘ख्रिस्तायन’ हे ख्रिस्ताच्या चरित्रावरचे काव्य दहाएक अध्यायांवर थांबले. पुढचे साठाहून अधिक अध्याय त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी लिहिले. ते १९३८ साली, लक्ष्मीबाईंच्या मागे, प्रसिद्ध झाले. शाळेचे शिक्षण जवळजवळ नसलेली ही बाई. तिची ‘स्मृतिचित्रे’ मराठीत धर्मशास्त्र म्हणून कोणी वाचत नाही, पण मी वाचतो. नवरा ख्रिस्ती झाल्यावर कोसळलेला संसार, सोवळे सुटायला लागलेली वर्षे, आणि एके दिवशी कोणाच्याही हातचे पाणी प्यायचा निश्चय: देवापुढे सारी माणसे सारखी, हा सिद्धान्त तिथे पाण्याच्या तांब्यापर्यंत येऊन पोचतो. व्याख्येची गरज उरत नाही.

आता शब्दांकडे परत येऊ. मुधोळ-भैंशाच्या काळ्या रानात कापूस होतो आणि कापसाबरोबर कर्ज येते. प्रभूच्या प्रार्थनेत भाकरीनंतरचे मागणे कर्जाचे आहे. मराठी बायबलमध्ये मत्तयाच्या पुस्तकात तिथे ‘ऋण’ आहे, तेलुगूत ‘ऋणमु’, उर्दूत ‘कर्ज’. तिन्ही भाषा इथे एकाच बांधावर उभ्या आहेत. याचे कारण मुळातच आहे. येशू बोलत असे त्या अरामी भाषेत पापाला आणि देण्याला एकच शब्द होता. लूकाने तीच प्रार्थना लिहिताना ‘पाप’ म्हटले, मत्तयाने ‘ऋण’. आपण पाप म्हणतो तेव्हा मनात पाप-पुण्याची वही उघडते, एका बाजूला जमा, दुसऱ्या बाजूला नावे. ऋण म्हटले की मनात माणूस येतो, ज्याचे देणे आहे तो, ज्याच्या दारावरून जाताना मान खाली जाते तो. ख्रिस्ती धर्मशास्त्रात पाप हे मुख्यतः असे बिघडलेले नाते आहे. देवाशी, आणि म्हणून शेजाऱ्याशी. म्हणूनच त्या प्रार्थनेत माझी ऋणे सोड या मागण्याच्या शेजारीच मी इतरांची सोडली आहेत असे म्हणावे लागते. ज्याने सावकाराच्या ओट्यावर बसून मुदत वाढवून मागितली आहे, त्याला हे वाक्य कोणत्याही पदवीधराइतके कळते. जुन्या करारात तर दर पन्नासाव्या वर्षी, योबेल वर्षात, विकलेली जमीन मूळ घराण्याकडे परत जावी असा नियमच आहे.

‘खंडणी’चे मात्र वाईट झाले. मार्काच्या पुस्तकात येशू आपला जीव पुष्कळांसाठी खंडणी म्हणून देतो असे मराठी भाषांतर सांगते. शिवकाळात खंडणी हा राज्यकारभारातला शब्द होता. आज तो पोलीस ठाण्यातला आहे. वर्तमानपत्रात खंडणीबहाद्दर वाचणाऱ्या मुलाला ते वाक्य ऐकवले तर तो विचारणार, मग खंडणी मागणारा गुंड कोण? हाच प्रश्न पहिल्या काही शतकांतल्या ख्रिस्ती विचारवंतांना पडला होता. मोल भरले, पण कोणाला? सैतानाला, असे काहींनी उत्तर दिले. सैतानाचा माणसावर हक्कच कुठे होता, असे म्हणून इतरांनी ते खोडले. अकराव्या शतकात कँटरबरीच्या अँसेल्म यांनी देवाच्या मानाच्या भरपाईची वेगळी मांडणी केली. शब्द बदनाम झाल्यामुळे मूळ प्रश्न पुन्हा उघडा पडला, हे मला चांगलेच वाटते. मुलाने विचारले तर शब्दावर पांघरूण घालू नये. गुलामाची सुटका हा मूळ प्रसंग सांगावा आणि मग म्हणावे, रक्कम कोणाच्या हातात पडली यापेक्षा सोडवणाऱ्याने काय दिले याकडे ते वाक्य बोट दाखवते.

‘कृपा’ हा शब्द तिन्ही भाषांत कमीअधिक ओळखीचा, आणि म्हणूनच गुळगुळीत झालेला. आपल्या कृपेने सारे कुशल आहे, असे पत्रात लिहून आपण तो झिजवला. तो पुन्हा धारदार करायचा तर येशूची एक गोष्ट सांगावी. सकाळी बाजारात, आपल्याकडच्या लेबर अड्ड्यासारख्याच जागी, मजूर उभे असतात. मळ्याचा मालक काहींना दिवसाची मजुरी ठरवून नेतो. पुन्हा नऊला येतो, बाराला, तीनला. उन्हे उतरल्यावर पाचला येतो तेव्हाही काही जण उभेच असतात, कारण त्यांना कोणी कामावर घेतलेलेच नसते. त्यांनाही नेतो. संध्याकाळी सगळ्यांच्या हातावर सारखीच पूर्ण दिवसाची मजुरी ठेवतो, आणि सकाळपासून राबलेले भांडायला उठतात. इथे कापूस वेचणी किलोवर मोजतात. जिने जास्त वेचले तिला जास्त. त्या हिशेबाने मालक अन्यायी आहे. पण पाचला उभ्या असलेल्या माणसाच्याही घरी पोरे जेवायची असतात, आणि अर्ध्या मजुरीत ती जेवत नाहीत. कृपा ती ही. मिळवलेली नव्हे, मोजलेली नव्हे, आणि शेजाऱ्याला मिळाली की पोटात दुखावे अशी. ज्याला ही गोष्ट ऐकून राग येत नाही त्याला ती नीट कळलेली नाही.

उधळ्या पुत्राच्या गोष्टीचेही तसेच. आपण ती वाया गेलेल्या पोराच्या पश्चात्तापाची म्हणून सांगतो. गावाकडच्या माणसाचे लक्ष आधी दुसरीकडे जाते: बाप जिवंत असताना धाकट्याने वाटणी मागितली! पट्टा बापाच्या नावावर असताना वाटणी मागणे म्हणजे तू मेलास तर बरे, असे तोंडावर म्हणणे. आणि ते ऐकूनही बाप वाटणी करून देतो, वाटेकडे डोळे लावून बसतो, मुलगा दूरवर दिसताच चार लोकांदेखत धावत सुटतो. आपल्याकडे घरचा कर्ता म्हातारा असा धावत नाही. धोतर सावरून बसतो, लोकांनी आपल्याकडे यावे अशी वाट पाहतो. या एका धावण्यात देवाच्या स्वभावाबद्दल जे सांगितले आहे ते सांगायला ग्रंथांना प्रकरणे लागतात. पश्चात्तापासाठी हिब्रूत जो शब्द आहे त्याचा अर्थही नुसता ‘माघारी फिरणे’ असाच आहे.

सीमेवरच्या बोलीत दोन शब्दांपाशी पाय जपून टाकावा लागतो. मराठी आई लेकरावर माया करते. ‘देवाची माया’ म्हणणे किती सहज! पण वेदान्त ऐकलेल्या माणसाला माया म्हणजे भ्रम, आणि तेलुगू शेजाऱ्याला तर माया म्हणजे जादू, फसवणूक. तसाच ‘लोभ’. पत्राच्या शेवटी लोभ असावा म्हणणारे आपण, पण तोच शब्द तेलुगूत हाव होतो. मराठी बायबलने देवाच्या प्रेमासाठी ‘प्रीती’ हा शब्द घेतला. आजच्या तरुणाला तो नाट्यगीतातला वाटेल. तरी मिश्र वस्तीत प्रीती आणि प्रेम हेच शब्द सुरक्षित आहेत. घरात मात्र मायाच म्हणावे. आजीला प्रीती म्हटलेले कळणार नाही.

सगळ्यात अवघड विषय त्रैक्याचा: पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा, तरी देव एक. रविवारच्या शाळेत हमखास बर्फ, पाणी आणि वाफ यांचा दाखला दिला जातो. तो देऊ नये. एकच पदार्थ तीन रूपे पालटतो असे त्यातून निघते, आणि तिसऱ्या शतकात सॅबेलियसच्या नावावर असलेला तो विचार चर्चने साफ नाकारला आहे. पुत्र पित्याची प्रार्थना करतो. बर्फ वाफेशी बोलत नाही. बेलाच्या त्रिदळाचा दाखलाही अडतो, कारण प्रत्येक पान बेलाचा एक तृतीयांश असते. ३२५ सालच्या नायसियाच्या परिषदेनंतर वाद रंगला तो पुत्र पित्याशी ‘एकाच तत्त्वाचा’ की फक्त ‘सारख्या तत्त्वाचा’, असा. ग्रीकमध्ये त्या दोन शब्दांत एका बारीक अक्षराचा फरक. एका अक्षरावरून एवढे भांडण कशाला, असे पुष्कळांना वाटते. मराठी माणसाला तसे वाटू नये. दिन आणि दीन यांत वेलांटीचाच फरक आहे. पुत्र देवासारखा असला तर तो देवाने धाडलेला थोर निरोप्या. देवच असला तर वधस्तंभावर जे झाले ते देवाने स्वतःच्या अंगावर घेतले. सगळे तारण त्या अक्षरावर उभे आहे. त्या काळच्या अथनेशियसने दिलेला प्रकाशाचा दाखला घरात असा सांगता येईल: दिवा आणि त्याचा उजेड. उजेड दिव्यातून येतो, पण दिवा आधी आणि उजेड मग, असे कधी होत नाही. आणि मूल असल्याशिवाय कोणी बाप नसतो. देव अनादी काळापासून पिता असेल तर पुत्रही तेव्हापासूनच. इथून पुढे दाखले थांबतात, आणि थांबले आहेत हे ऐकणाऱ्याला सांगून टाकावे.

कॅथलिक चर्चमध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे १९६० च्या दशकात, लॅटिनऐवजी लोकांच्या भाषेत मिस्सा सुरू झाली आणि वसईसारख्या भागात मराठीला नवे काम मिळाले. त्यातूनच फादर फ्रान्सिस दिब्रिटो घडले. ‘सुवार्ता’ मासिकाचे ते अनेक वर्षे संपादक होते. त्यांचे ‘सुबोध बायबल’ ख्रिस्ती नसलेल्या मराठी वाचकानेही हाती घ्यावे अशा भाषेत आहे. साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार त्याला मिळाला, आणि जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद दिब्रिटोंकडे आले. जुलै २०२४ मध्ये ते गेले. बायबल हे मराठी वाङ्मय म्हणून मराठी माणसांनी वाचावे, यासाठी त्यांनी आयुष्य घातले.

नवा करार मंडळीसाठी जो ग्रीक शब्द वापरतो त्याचा अर्थ बोलावून जमवलेले लोक. तेलुगूत त्याला ‘संघमु’ म्हणतात. मराठीत ‘मंडळी’, जो शब्द भजनालाही लागतो, वऱ्हाडालाही, आणि जुन्या पिढीचा नवरा तर बायकोलाच ‘आमची मंडळी’ म्हणे. इतका घरगुती शब्द चर्चला मिळालेली दुसरी भाषा मला माहीत नाही.

मुधोळ, भैंसा, बासर, तानूर, कुबीर या पट्ट्यातली मुले आता तेलुगू आणि इंग्रजी शाळांत शिकतात. त्यांना प्रभूची प्रार्थना त्या भाषांत येते, आणि ती यावीच. पण ज्यांच्या घरी आजी अजून मराठीत प्रार्थना म्हणते, जुने पवित्र शास्त्र कापडात बांधून ठेवलेले आहे, गाण्यांची हाताने लिहिलेली वही ट्रंकेत आहे, त्यांनी एखाद्या सुट्टीत एक काम करावे. आजीला जवळ बसवून तारण, कृपा, मंडळी, भाकर हे शब्द ती कशासाठी आणि कसे वापरते ते तिच्याच बोलीत लिहून घ्यावे. तिने चुकीचे काही सांगितले तरी तसेच लिहावे, दुरुस्त करू नये.